एका अनुस्वाराचं वजन

(दृश्य : ओटा. स्टीलची वाटी, शेजारी कोपरे तेलकट झालेली वही.)

आईच्या वहीत दाण्याच्या लाडवांसमोर लिहिलंय : एक वाटी दाण्याचं कूट, पाऊण वाटी गूळ. फोन करून विचारलं, कुठली वाटी गं? उत्तर आलं, "आपली नेहमीची."

तसं तिचं चुकत नाही. गूळही त्याच वाटीनं, कूटही त्याच वाटीनं, मग वाटी केवढी का असेना, प्रमाण टिकतं. पण दुकानात दाणे किलोनं मिळतात आणि लाडू पन्नास माणसांचे करायचे असतात. तिथे ग्रॅम लागतात.

(दृश्य : जुनी लाकडी मापं.)

एके काळी बाजारही मापानंच चालायचा. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. वर शीग लावायची की हात फिरवून सपाट करायचं, यावर घासाघीस व्हायची. 1956 साली मेट्रिक मापांचा कायदा झाला आणि हळूहळू बाजार किलोवर गेला. वाटी मात्र घरातच राहिली.

(दृश्य : काट्यावर रिकामी वाटी. आकडा शून्यावर. पाणी ओततात.)

आधी वाटीत पाणी भरून तोलायचं. 150 ग्रॅम भरलं, तर वाटी 150 मिलीची. आता पाणी ओतून, वाटी पुसून त्यात अख्खे शेंगदाणे. काटा नव्वदच्या आसपास थांबतो.

बाकीची जागा हवेनं अडवलेली असते. अख्खे दाणे, बदाम, काजू, तिघांचंही वजन त्याच वाटीतल्या पाण्याच्या साधारण साठ टक्के भरतं. एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मं काम झालं.

(दृश्य : अक्रोडाचे अर्धे गर. मग सुरीनं केलेले तुकडे. मग पूड.)

अक्रोड मात्र सरळ वागत नाही. अमेरिकी कृषी खात्याच्या तक्त्यात एक कप, म्हणजे साधारण 237 मिली, अर्ध्या गरांचं वजन 100 ग्रॅम दिलंय. तुकडे केले की त्याच कपात 117. वाकडेतिकडे गर एकमेकांना टेकून मधे पोकळ्या ठेवतात, तुकडे त्या भरून काढतात. मग बारीक केल्यावर आणखी वाढायला हवं ना? पूड भरते 80 ग्रॅम! तेलकट कण एकमेकांना धरून भुसभुशीत बसतात, हवा पुन्हा आत. चमच्यानं दाबलं की तीच पूड खाली जाते. म्हणून पुडीच्या वाटीवर माझा तरी भरवसा नाही.

बदामाचंही तसंच. अख्खे कपभर 143 ग्रॅम, पूड कपभर 95. म्हणजे एक वाटी बदाम दळले, तर सैल भरलेली पूड दीड वाटी होते.

(दृश्य : वहीतली ओळ, अगदी जवळून.)

आता आईच्या ओळीकडे परत येऊ. "एक वाटी दाण्याचं कूट" म्हणजे आधी कुटायचं, मग मोजायचं. "एक वाटी दाण्यांचं कूट" म्हणजे आधी दाणे मोजायचे, मग कुटायचे. फरक एका अनुस्वाराचा. पण दुसऱ्या रीतीनं कूट जवळजवळ दीडपट होतं, गूळ तेवढाच राहतो आणि लाडू वळता वळता फुटतात. त्यात दाणे भाजताना ओल उडते, पाखडताना फोलपटं जातात. कच्चे तोलले की भाजून सोललेले, तेही लिहून ठेवलेलं बरं.

(दृश्य : कूट काट्यावर. पेन्सिलीनं वहीत ग्रॅमचा आकडा.)

मी मूळ ओळ खोडली नाही, शेजारी ग्रॅम लिहिले. 'दाण्या'वर एक बारीक ठिपका दिसतोय. तो अनुस्वार आहे की तेलाचा डाग, यावर आईचं आणि माझं अजून एकमत झालेलं नाही.