एकटं टिंब

या सभागृहातल्या कूलरचा आवाज माझ्यापेक्षा मोठा आहे, तेव्हा मागच्या मंडळींनी पुढं सरकावं. विषय तुम्हीच दिलात: गेलेला ईमेल परत बोलावता येतो का? बहुतेकांना 'हो' ऐकायचंय, चेहऱ्यांवरूनच दिसतंय.

कळमना मार्केटातून संत्र्याचा ट्रक निघाला आणि अडत्याच्या ध्यानात आलं, माल भलत्याच पार्टीकडे चाललाय, तर तो ड्रायव्हरला फोन लावतो. ट्रक पांढुर्ण्याहून माघारी फिरतो. कारण ट्रक एकच असतो. मेल मात्र कुठं जातच नाही, राजेहो! तो तुमच्या 'सेंट'मध्ये पडून असतो. समोरच्याच्या सर्व्हरवर उतरते ती त्याची नक्कल. मग माघारी बोलवायचं कोणाला?

ही नक्कल उतरते कशी, तेवढं जवळून बघू. दोन सर्व्हर एकमेकांशी चक्क बोलतात. 1982 साली एसएमटीपीचे, म्हणजे मेल पोचवायच्या या भाषेचे, नियम लिहिले गेले, आणि बोलण्याचा साचा आजही जवळपास तोच आहे. इकडचा म्हणतो, अमक्याकडून आहे. तिकडचा म्हणतो, बरं. तमक्यासाठी आहे. बरं. मग मजकूर, आणि शेवटी एका ओळीवर एकटंच टिंब. ते पोचलं की तिकडून आकडा येतो, 250. म्हणजे मिळाला, आता जबाबदारी माझी. मजकूर सुरू व्हायच्या आधी व्यवहार मोडायला 'आरसेट' नावाची आज्ञा आहे. 250 नंतर 'परत दे' म्हणायला त्या भाषेत शब्दच नाही.

आपल्या कायद्यानंही जवळपास हाच क्षण पकडलाय. माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000, कलम 13: दोघांत वेगळं काही ठरलं नसेल, तर पाठवणाऱ्याच्या ताब्याबाहेरच्या यंत्रणेत शिरताच मजकूर रवाना झाला असं धरतात. समोर बसलेल्या वकिलांना 1872 चा करार कायदा आठवला असेल. तिथंही 'हाताबाहेर गेलं' हाच कस आहे. तार, टपाल, मेल, प्रश्न जुनाच.

'मग जीमेलचं अनडू?' पहिल्या रांगेतून आलंच. ते मेल परत आणत नाही हो, ते पाठवायलाच थांबतं. आधी 5 सेकंद, सेटिंगमध्ये जाऊन 30 पर्यंत. 2009 मध्ये प्रयोग म्हणून आलं, 2015 मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं. म्हणजे टिंब अजून लागलेलंच नसतं.

मायक्रोसॉफ्टच्या आउटलुकचं 'रिकॉल', म्हणजे मेल माघारी बोलवायची सोय, मात्र खरोखर काढून घेतं, पण घरातल्या घरात. दोघं एकाच संस्थेत, मेलपेट्या एकाच व्यवस्थेत, तरच. पूर्वी न वाचलेला मेलच निघायचा. 2023 पासून मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर वाचलेलाही निघू शकतो. साहेबांनी वाचून पाठ केला असेल तर तो डोक्यातून काढायची सोय अजून यायची आहे.

घराबाहेर काय होतं, ते माझ्याकडून ऐका. बुटीबोरीच्या एका कारखान्यात मी विक्री बघायचो. एका पार्टीचे सवलतीचे दर दुसरीलाच गेले. नावं एकाच अक्षरानं सुरू व्हायची, आणि मशीननं आपणहून पत्ता भरला. घाम फुटला. 'रिकॉल' दाबलं. ती पार्टी बाहेरची, त्यामुळे तिच्याकडे पहिला मेल जागेवरच राहिला आणि वर दुसरा पडला: पाठवणाऱ्याला हा संदेश परत हवा आहे. दहा मिनिटांनी त्यांचा फोन.

"साहेब, पहिला मेल मी उघडलाच नव्हता. दुसरा आला म्हणून शोधून उघडला. आता बोला, आम्हाला हा दर काऊन नाही?"

काय बोलणार? दिला तोच दर. तेव्हापासून मी आधी मजकूर लिहितो, जोडपत्र लावतो, आणि पत्ता सगळ्यात शेवटी भरतो. आउटलुकमध्ये प्रत्येक मेल थोडा वेळ रोखून धरायचा नियमही लावता येतो, 120 मिनिटांपर्यंत. मी 2 मिनिटांचा लावलाय. ज्यांना लावायचाय त्यांनी चहाच्या वेळी लॅपटॉप घेऊन या.