कालिन्यातलं राज्यशास्त्र

हे कालिना. कुर्ल्याहून शेअर रिक्षा किंवा सांताक्रूझहून बेस्टची बस पकडायची, गेटमधून आत शिरलं की झाडं, कुत्री, चहावाल्याकडची गर्दी आणि मग फिरोजशहा मेहता भवन. मुंबई विद्यापीठात राज्यशास्त्राचं एमए इथं होतं. विभागाचं नाव सिव्हिक्स अँड पॉलिटिक्स, शाळेत इतिहासाच्या पुस्तकाला मागं जोडलेलं नागरिकशास्त्र आठवलं ना? आठवू दे. 1942 मध्ये गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला म्हणून तुरुंगात गेलेल्या उषा मेहता पुढं याच विभागाच्या प्रमुख होत्या.

कशाला करताय एमए विचारलं की निम्मे यूपीएससी म्हणतात, बाकीचे प्राध्यापकीसाठीची नेट-सेट, आणि गावाकडचे काका विचारतात, मग आमदार कधी? अभ्यासाची गंमत वेगळीच, न्यायावर लिहिणारा अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन रॉल्स वाचायचा इंग्रजीत, नोट्स मागायच्या व्हॉट्सॲपवर आणि पेपर लिहायचा मराठीत.

पण खरी मजा येते स्थानिक स्वराज्य संस्थांच्या चॅप्टरला. 1992 ची 74 वी घटनादुरुस्ती, कलम 243-यू, महापालिकेची मुदत 5 वर्षं आणि ती संपायच्या आत निवडणूक व्हायलाच पाहिजे. वर्गात एकदम क्लिअर वाटतं. आणि इथं मुंबई महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली तरी पुढं साडेतीन वर्षांहून जास्त काळ 227 वॉर्डांत एकही नगरसेवक नव्हता, ओबीसी आरक्षण, वॉर्डरचना सगळं कोर्टात अडकलेलं आणि कारभार प्रशासकाच्या हातात, म्हणजे स्वराज्य संस्था शिकायच्या आणि स्वराज्य मात्र सुट्टीवर!

मग तेव्हा गटार तुंबलं तर माणूस जाणार कुठं? कोणी महापालिकेच्या एच पूर्व विभागाच्या वॉर्ड ऑफिसात खेटे घालायचा, कोणी आमदाराच्या ऑफिसात, आणि बरेच जण सरळ पक्षाच्या शाखेत, कारण शाखेला मुदत नसते. हे पुस्तकात सापडत नाही राव, प्रोजेक्टसाठी वही घेऊन तिथल्या बाकड्यावरच बसावं लागतं. आणि मुलाखतीचा पहिला प्रश्न तुम्ही नाही, समोरचाच टाकतो: "ते सगळं ठीक आहे, पण तुम्ही कुठल्या पक्षाचे?"