दोन पाकिटं, एकच गोळी

श्रोतेहो, नमस्कार.

मिरजेला दवाखान्यात जाऊन आलेलं माणूस आपल्या जिल्ह्यात घरोघरी सापडेल. १८९४ साली तिथं वॉनलेस हॉस्पिटल सुरू झालं, त्याला सव्वाशे वर्षं उलटून गेली. जत, तासगावकडचे पेशंट येतात, बरे होऊन घरी जातात. औषधांचा घोळ पुष्कळदा तिथून पुढं सुरू होतो.

समजा, एका आजोबांना गावच्या डॉक्टरांनी शुगरसाठी ग्लिमेपिराइड दिलंय. मिरजेतही तेच लिहून दिलं, पण दुसऱ्या कंपनीचं. पाकीट वेगळं, नाव वेगळं, गोळीचा रंगही वेगळा. 'जुनी बंद करा, असं कुठं कोण म्हणालं?' म्हणून घरात दोन्ही चालू राहतात. मग एका पहाटे दरदरून घाम, हातांना कंप, बोलणं असंबद्ध. शुगर पार खाली गेलेली. डॉक्टर, मेडिकलवाला, गोळ्या देणारी सून, सगळ्यांनी आपापलं काम केलेलं असतं. दोन्ही पाकिटं शेजारी ठेवून कुणी पाहिलेली नसतात, एवढंच. तेव्हा दवाखान्यात जाताना घरातली झाडून सगळी औषधं पिशवीत घालून न्या. काढे, चूर्णं, गुडघ्यासाठी परस्पर आणलेल्या गोळ्यासुद्धा.

इन्सुलिनचं प्रकरण याहून नाजूक. आपल्याकडं बाटली बहुधा ४० ची असते, म्हणजे एका मिलिलीटरमध्ये ४० युनिट. १०० चीही मिळते. सिरिंज दोन्हींच्या वेगळ्या: ४० ला लाल टोपण, १०० ला केशरी. १०० ची बाटली आणि लाल टोपणाची सिरिंज अशी गाठ पडली, तर २० च्या खुणेपर्यंत भरलं तरी अंगात ५० युनिट जातात. उलट झालं तर जेमतेम ८. मेडिकलमधून सिरिंज घेताना बाटली सोबत असू द्या.

संधिवातावरची मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच असते. रोज घेतली तर जिवावर बेततं. चिठ्ठीवर वार लिहून घ्या.

विचारलं तर डॉक्टर रागावतील, अशी धास्ती असते. काही रागावतातही, खोटं कशाला सांगू! तरी 'यातलं जुनं कुठलं बंद करायचं?' एवढं विचाराच. आणि औषधानं काही त्रास झालाच, तर आधी डॉक्टरांना गाठा. नंतर १८०० १८० ३०२४ या सरकारी टोल फ्री नंबरवर कामाच्या दिवशी कुणालाही तो कळवता येतो.