सायकलचे गिअर मोजू नका, दात मोजा

नमस्कार मंडळी. मागे आवाज येतोय ना? तो पंखा जरा हळू करा कोणीतरी, नाहीतर रेकॉर्डिंगमध्ये त्याचंच भाषण ऐकू येईल.

मला सांगितलंय की माउंटन बाइक कशी निवडायची त्यावर बोला. कुठल्या कंपनीची घ्या ते मी सांगणार नाहीये, ते विचारायला दुकानं आहेत. आपल्याकडे माणूस दुकानात शिरला की पहिला प्रश्न, किती गिअर? दुसरा प्रश्न, चाक एकोणतीस इंचाचं आहे का? दोन्हीची उत्तरं मनासारखी आली की सायकल घरी. मग रविवारी इथे गोव्यात साखळी, केरी करत चोर्ला घाटाला लागायचं, चढ सुरू झाला की थोड्याच वेळात खाली उतरून ढकलायचं आणि म्हणायचं, माझ्यात दमच नाही राहिला. अहो, दमाला काही झालेलं नाही. गिअर जड आहे, नाहीतर सीट चुकलीय, आणि बहुतेक वेळा दोन्ही, कारण ह्या दोन गोष्टी एकमेकींत अडकलेल्या आहेत. आज मला एवढंच सांगायचंय.

आधी गिअर. हिशोब आहे, पण सोपा आहे, पाचवीतला पोर करेल. पुढच्या चेनव्हीलचे, म्हणजे पायडलजवळच्या चक्रीचे, दात भागिले मागच्या चक्रीचे दात, म्हणजे पायडलच्या एका फेरीत मागचं चाक किती फिरतं ते. त्याला चाकाच्या घेराने गुणलं की एका फेरीत सायकल किती पुढे जाते ते मिळतं, मीटरमध्ये. बस. सायकलच्या पेटीवर छापलेलं सगळं सोडा, हा एक आकडा काढा, तोही सगळ्यात हलक्या गिअरचा. पुढची सगळ्यात लहान चक्री, मागची सगळ्यात मोठी.

आपला पदेर, म्हणजे पाववाला, ज्या काळ्या सायकलवर पाव घेऊन येतो तिच्या पुढे साधारण ४४ दात आणि मागे १८. एका फेरीला पाच मीटरच्या वर जाते ती. सपाटीला झकास, पण पावांचं पाटलं मागे बांधून चढणीवर तो उतरून चालतो, आणि त्यात त्याला काही कमीपणा वाटत नाही, कारण त्याला माहितीय की ह्या गिअरवर ह्या चढणीला बसण्यात अर्थ नाही. आपण मात्र एकवीस गिअरचे पैसे मोजलेले असतात, म्हणून आपल्याला राग येतो.

तर हे एकवीस गिअर बघू. पुढे तीन चक्र्या, ४२, ३४, २४. मागे सात, १४ पासून २८ पर्यंत. सगळ्यात हलका गिअर २४ ला २८. चाक २६ चं असेल तर घेर साधारण २.०७ मीटर, म्हणजे फेरीला १.७७ मीटर. आता ती बारा गिअरवाली घ्या, पुढे एकच चक्री ३२ दातांची, मागे १० ते ५१, चाक २९ चं, घेर साधारण २.२८. ३२ ला ५१ केलं की फेरीला १.४३ मीटर. म्हणजे बारा गिअरवाली एकवीस गिअरवालीपेक्षा चढणीला हलकी, आणि थोडीथोडकी नाही, त्याच चढावर त्याच लयीत पाय फिरवायला एकवीसवाल्याला जवळजवळ चोवीस टक्के जास्त जोर लावावा लागतो. दुकानात हे कोणी सांगत नाही कारण २१ हा आकडा १२ पेक्षा मोठा आहे आणि आईवडील मुलाच्या वाढदिवसाला आलेले असतात. शिवाय त्या एकवीसमधले बरेच गिअर एकमेकांवर चढलेलेच असतात, मधल्या चक्रीवर जो मिळतो तोच जवळपास मोठ्या चक्रीवर परत मिळतो.

आता गंमत ऐका, आणि हे ज्यांच्याकडे जुनी एकवीस गिअरची सायकल आहे त्यांनी नीट ऐका. ह्या सायकलींना मागे जे सात चक्र्यांचं फ्रीव्हील असतं ना, जे चाकाच्या मधल्या हबवर आट्यांनी बसतं, ते १४ ते ३४ असंही मिळतं. शेवटची चक्री एकदम मोठी, बघायला विचित्र दिसते. ते बसवलं की २४ ला ३४, फेरीला १.४६ मीटर. ती महागडी बारा गिअरवाली १.४३, आणि ही १.४६! फरक तीन सेंटीमीटर. फ्रीव्हील ही सायकलीतल्या स्वस्त वस्तूंपैकी एक. फक्त मेकॅनिकला सांगून मागच्या डिरेलरला, म्हणजे चेन एका चक्रीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या यंत्राला, ३४ दात झेपतात का ते बघून घ्या, लांब पिंजऱ्याचा असेल तर बहुतेकदा झेपतात, आणि चेनही नवीन टाका, थोडी लांब लागेल. बारा गिअरवालीचे बाकी फायदे आहेत, पुढचा डिरेलर नसतो म्हणून डाव्या हाताला काम कमी, चेन खडखडून पडत नाही, शिफ्टिंग सुबक, नाही म्हणत नाही मी. पण चढण चढायला सायकलच बदलायला हवी हे काही खरं नाही.

आणि ज्यांच्याकडे बारा गिअरवाली आहे तरी दमछाक होते, त्यांनी कॅसेटच्या, म्हणजे मागच्या चक्र्यांच्या संचाच्या, मागे लागू नये, ती महाग. पुढची ३२ ची चक्री काढून ३० ची घाला. प्रत्येक गिअर सहा टक्क्यांनी हलका होतो. लोक म्हणतात, मग उताराला स्पीड जाईल. किती जाईल? ३० ला १० वर, मिनिटाला ९० फेऱ्या मारल्यात तर ताशी ३७ किलोमीटर होतात. ३२ वर ३९ झाले असते. डोंगरातल्या वाटेवर ताशी ३७ ला कोण पायडल मारतंय हो, तिथे आपण ब्रेक धरून देवाचं नाव घेत असतो.

चाकाचंही सांगतो. २६ वरून २९ वर गेलात आणि चक्र्या त्याच ठेवल्यात, तर प्रत्येक गिअर दहा टक्क्यांनी जड झाला. मोठं चाक दगडावरून छान जातं, खड्ड्यात अडकत नाही, सगळं खरं, पण हा दहा टक्क्यांचा कर भरावा लागतो आणि तो चक्रीतच भरायचा.

आता ह्याचा आपल्या गोव्याशी काय संबंध. खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतांच्या, बांधावर, नाहीतर फेरीबोटीने दिवाडी बेटावर जाऊन फिरायचं असेल तर कुठलीही सायकल चालते, एक गिअरची सुद्धा. पण आपली खरी चढण आखूड आणि उभी असते. नदीकाठ सोडला की वाट सरळ सड्यावर चढते, वळणंबिळणं नाहीत, आणि वर सगळा जांभा, त्याच्यावर सुटी खडी, लाल, गोल गोल. सत्तरीतल्या, डिचोलीतल्या लोकांना मी काय सांगू. अशा चढणीवर गिअर जड पडला की माणूस काय करतो? सीटवरून उठतो. उठला की वजन पुढे गेलं, मागच्या चाकावरचं कमी झालं, आणि खडीवर चाक जागच्या जागी गरगर फिरलं. पाय खाली. म्हणजे जोर होता, पकड गेली. तेच गिअर पुरेसा हलका असेल तर बसून राहता येतं, सीटच्या पुढच्या टोकाशी सरकायचं, कोपर खाली, छाती हँडलकडे, आणि मिनिटाला साठ फेऱ्यांनी फिरवत राहायचं, ताशी पाचच्या स्पीडने का होईना. माणूस चालेल त्याच स्पीडने जातोय म्हणून हसतील लोक, हसू देत.

पण असं बसता येण्यासाठी सीट आणि हँडल जागेवर पाहिजे, आणि इथे फिटिंग येतं.

पहिली गोष्ट सीटची उंची. आपण सगळे स्कूटरवर वाढलेले, त्यामुळे सीटवर बसून दोन्ही पाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत असं डोक्यात बसलंय. सायकलला तसं केलं की गुडघा वर सगळा दुमडलेला राहतो, पाय सरळ होतच नाही, मांडीचा जोर अर्धा वाया, आणि गुडघा पुढून दुखायला लागतो. वाटीच्या आसपास दुखतंय म्हणजे बहुतेकदा सीट खाली आहे. गुडघ्याच्या मागे, शिरा ताणल्यासारखं दुखतंय तर उलट, सीट वर आहे. तपासायची घरगुती पद्धत अशी, भिंतीला हात लावून सायकलवर बसा, टाच पायडलवर ठेवा, पायडल अगदी खाली. पाय सरळ झाला पाहिजे पण कंबर एका बाजूला कलता कामा नये. मग पंजा ठेवलात की गुडघ्याला आपोआप थोडा बाक येतो, तेवढाच हवा. आणि हे ज्या बुटांत चालवता त्याच बुटांत करा. चपलेत मोजून बुटात चालवायची नाही. चपलेत चालवणाऱ्यांबद्दल मी आज काही बोलत नाही, त्यांचा अंगठा एकदा दगडाला भेटेल मग कळेल.

आकड्यात हवं असेल तर एक जुनं सूत्र आहे, ग्रेग लेमाँडच्या नावाने ओळखतात, तोच अमेरिकन ज्याने टूर द फ्रान्स १९८६, ८९ आणि ९० ला जिंकली. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, एक जाड पुठ्ठ्याचं पुस्तक दोन पायांच्या मध्ये धरायचं, कणा वर, आणि सीटवर बसल्यावर जितका दाब येतो तितकं वर ओढायचं. लाजायचं नाही, हलकं धरलं तर माप दोन सेंटीमीटरने चुकतं. कण्याच्या पातळीवर भिंतीवर पेन्सिलची खूण, तिथून जमिनीपर्यंत टेप. समजा ७८ सेंटीमीटर आलं. गुणिले ०.८८३, म्हणजे ६८.९. बॉटम ब्रॅकेटच्या, म्हणजे पायडलचा आस जिथे फिरतो त्या जागेच्या, मध्यापासून सीटच्या वरच्या पृष्ठभागापर्यंत, सीटच्या नळीच्या रेषेत, एवढं अंतर ठेवायचं. हे रोड सायकलवाल्यांचं सूत्र, आपण डोंगरवाले सेंटीमीटरभर खाली ठेवतो, वर खाली हलायला जागा राहते. एकदा जमलं की सीट पोस्टवर, म्हणजे सीटच्या दांड्यावर, इन्सुलेशन टेपची एक पट्टी गुंडाळा, म्हणजे गाडीत घालायला सीट काढली तरी परत मोजायला नको. पोस्टवर कंपनीने मारलेली कमाल रेघ असते, ती बाहेर दिसली तर फ्रेम तुमच्यासाठी लहान आहे, पोस्ट आणखी ओढू नका, फ्रेम तडकते. आणि अॅल्युमिनियमची पोस्ट असेल तर अधूनमधून काढून ग्रीस लावा, आपल्या खाऱ्या हवेत ती फ्रेममध्ये अशी चिकटते की मग करवत घ्यावी लागते.

दुसरी गोष्ट पुढचं अंतर, आणि इथे जवळजवळ सगळे गंडतात. हँडल लांब वाटलं की सीट पुढे ढकलतात. अरे बाबा, सीट पायांसाठी आहे, हँडलसाठी नाही! सीट पुढे मागे करायची ती गुडघा पायडलच्या वर कुठे येतो ते बघून. हँडल लांब वाटतंय तर स्टेम, म्हणजे हँडल फ्रेमला जोडणारा तुकडा, आखूड करा. जुन्या सायकलींना नव्वद शंभर मिलीमीटरचे स्टेम असायचे, आता फ्रेमच पुढे लांब करतात आणि स्टेम ३५ ते ५० चा ठेवतात, हँडल रुंद. म्हणूनच एका कंपनीचा मीडियम दुसऱ्या कंपनीच्या लार्जएवढा निघतो, अक्षरावर जाऊ नका, वेबसाइटवर तक्ता असतो त्यात रीच आणि स्टॅक हे दोन आकडे बघा. रीच म्हणजे बॉटम ब्रॅकेटपासून हँडलच्या नळीच्या डोक्यापर्यंतचं आडवं अंतर, स्टॅक म्हणजे उभं. तुम्हाला बरी बसते अशा मित्राच्या सायकलचे आकडे काढा आणि त्याच्याशी ताडून बघा, हे कुठल्याही सेल्समनपेक्षा खरं बोलतं. फार आखूड सायकलवर उभ्या चढणीला पुढचं चाक उचलतं, डावीउजवीकडे भरकटतं, आणि लोक म्हणतात मला बॅलन्स जमत नाही.

करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होतं असं बरेच जण सांगतात. तिथून जाणारी नस हँडलवर दाबली जाते. ग्लोव्ह घेण्याआधी सीटचं नाक बघा, पुढे झुकलेलं असेल तर तुम्ही सतत पुढे घसरता आणि सगळं वजन तळहातावर. सीट सपाट करा, अर्ध्या लोकांचं तिथेच भागतं. मग ब्रेकच्या दांड्या, मनगट वाकवावं लागू नये अशा कोनात.

इथे बसलेल्या ताईंसाठी, आणि माझ्यासारख्या बुटक्यांसाठी सुद्धा. ब्रेकच्या दांडीला आतल्या बाजूला एक बारीक स्क्रू असतो, तो फिरवला की दांडी हँडलच्या जवळ येते, एका बोटाने धरता येते. हात लहान असलेल्यांना हे कोणी दाखवतच नाही आणि त्या बिचाऱ्या सगळा उतार चार बोटं ताणून उतरतात. हँडल फार रुंद वाटलं तर कापता येतं, पण आधी ग्रिप आणि ब्रेक आत सरकवून काही दिवस चालवा, मग दोन्ही बाजूंनी सेंटीमीटर सेंटीमीटर कापा. कापलेलं परत जोडता येत नाही. क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, तोही १७५ मिलीमीटरचा असेल तर १६५ चा मिळतो, गुडघा कमी दुमडतो आणि जांभ्याच्या दगडावर पायडल आपटणं कमी होतं. पण दांडा आखूड झाला की गिअर त्याच प्रमाणात जड लागतो, सहा टक्के, म्हणजे परत चक्री दोन दातांनी लहान. बघा, फिटिंगला हात लावला की गिअर हलतो.

प्रश्न आलाय की सेकंडहँड घ्यायची तर काय बघायचं. चेनचं माप घेणारी पट्टी मिळते, ती न्या. अकरा बारा गिअरची चेन ०.५ टक्के ताणली गेली की बदलायची, सात आठवाली ०.७५ पर्यंत चालते. पावसात लाल चिखलात चालवलेली असेल तर चेनसोबत कॅसेटही गेलेली असण्याची शक्यता धरा आणि तेवढे पैसे किमतीतून कमी करा. आणि मघाशी सांगितलं ते, सीट पोस्ट हलते का बघा. नाही हलली तर मालक कितीही गोड बोलला तरी चहा पिऊन परत या.

बॅटरीच्या सायकलवर नंतर कधीतरी बोलू, तो वेगळा विषय आहे. मी ४, ५ आणि ६ च्या अॅलन की, टेप आणि एक १४-३४ चं फ्रीव्हील आणलंय, ते हातात घेऊन बघा. ज्यांच्या सायकली खाली उभ्या आहेत त्यांनी पाच मिनिटांत खाली या, आणि बूट घालून या.