सूत्रकृमीचे लांबलेले आयुष्य

श्रोतेहो, नमस्कार. इन्सुलिन आणि रक्तातली साखर यांचे नाते घरोघरी ठाऊक असल्यामुळे त्याची उजळणी न करता मी थेट एका काचपात्राची हकिगत सांगणार आहे.

केंब्रिजमध्ये सिंथिया केनियन ही तरुण संशोधक सी. एलिगन्स या सूत्रकृमीवर, म्हणजे दोऱ्यासारख्या बारीक किड्यावर, काम करीत होती. हा जीव जेमतेम १ मिलिमीटर लांब, अंगाने पारदर्शक आणि आयुष्य दोन-तीन आठवड्यांचे. एकदा उबवणपेटीत बरेच दिवस राहून गेलेले पात्र तिने सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले, तेव्हा आतले कृमी म्हातारे झालेले दिसले. तिला त्यांची कणव आली, आपणही असेच म्हातारे होणार हे मनात आले आणि पाठोपाठ प्रश्न उभा राहिला: म्हातारपणाचा वेग ठरवणारी जनुके असतील का? कणव हा संशोधनातला अडथळा आहे असे मानणाऱ्यांशी माझे मुळीच पटत नाही. इथे प्रश्न कणवेतूनच सुचला.

पुढे सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठात तिच्या गटाने डॅफ-२ या जनुकात बिघाड असलेले कृमी पाळले. कृमी जिवंत आहे का, हे बारीक तारेचा हळूच स्पर्श करून पाहतात. हलला तर जिवंत. साधे कृमी मरून गेले, तरी हे हलतच राहिले. १९९३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला: आयुष्य दुपटीहून अधिक झाले होते. पुन्हा सांगतो, एका जनुकातल्या बिघाडाने दुपटीहून अधिक.

१९९७ मध्ये गॅरी रव्हकुन या अमेरिकी जीवशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेने दाखवले की डॅफ-२ पासून बनणारे प्रथिन हे माणसातल्या इन्सुलिन-ग्राहीचे, म्हणजे पेशीवर इन्सुलिनचा निरोप टिपणाऱ्या प्रथिनाचे, भावंड आहे. अन्न मुबलक असताना हा ग्राही जो संकेत देतो, तो डॅफ-१६ या प्रथिनाला पेशीच्या केंद्रकाबाहेर अडवून धरतो. संकेत मंदावला की डॅफ-१६ आत शिरते आणि उष्णता व ऑक्सिडीकरण यांपासून पेशीला जपणारी जनुके जागी करते. लक्षात ठेवा: संकेत मंद, डॅफ-१६ आत. डॅफ-१६ काढून टाकले, तर वाढलेले आयुष्यही जाते.

मधुमेही श्रोत्यांना मात्र कळकळीने सांगतो की यावरून स्वतःचे इन्सुलिन कमी करू नका. त्या कृमींत हा संकेत जनुकातल्या बिघाडामुळेच मंदावलेला असतो. तुमच्या शरीराला साखर आटोक्यात ठेवण्यासाठी ते इन्सुलिन हवेच आहे.