डिस्पोजलची गाडी

(दृश्य : सकाळ. कुंपणाआड रांगेनं उभे असलेले हिरवे लष्करी ट्रक. कॅमेरा एका मागच्या चाकापाशी जाऊन थांबतो.)

या चाकाची आतली बाजू बघा. टायरवरून खाली एक ओघळ आलाय. रंग जांभळा.

बाबांनी त्यावर बोट फिरवलं, दोन बोटांत चोळून पाहिलं, वास घेतला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "हे काय रे? ब्रेक ऑइल आसं असतंय व्हय इकडं?"

उत्तर टेक्सासात, आर्कान्सासच्या हद्दीपासून जवळच, अमेरिकी लष्करानं सेवेतून काढलेले ट्रक लिलावाला ठेवले होते. साल 2016. बोली लावायच्या आधी गाड्या बघायला एक दिवस दिलेला. गाडीला हात लावा, खाली वाका, फोटो काढा. पण चालवून बघायचं नाही. जी आहे, जशी आहे, जिथे आहे, तिथूनच उचलायची. आमच्याकडे अशा गाडीला डिस्पोजलची गाडी म्हणतात. बाबांच्या तोंडी हा शब्द जन्मभर होता. 1972च्या दुष्काळात ते माणदेशातून पुण्याला आले आणि खडकीच्या लष्करी वर्कशॉपमध्ये लागले. पुढची जवळजवळ 40 वर्षं त्यांनी शक्तिमान ट्रकांच्या पोटाखाली काढली. आता निवृत्त होऊन माझ्याकडे सहा महिन्यांसाठी आले होते आणि आल्या दिवसापासून त्यांच्या हातांना काम नव्हतं.

ट्रक घ्यायचं वेड माझं. पण बाबा सोबत नसते तर मी तो घेतला नसता.

(दृश्य : डॅशबोर्डवरची धातूची पाटी. कोरलेली अक्षरं.)

एम 35 ए 2. बनवणारी कंपनी एएम जनरल, साल 1971. अमेरिकी सैनिक याला 'ड्यूस अँड अ हाफ' म्हणतात. म्हणजे अडीच. खडबडीत रानात अडीच टन ओझं वाहील, हा त्याचा करार. डांबरी रस्त्यावर त्याच्या दुप्पट. दहा टायर, तीन अ‍ॅक्सल, तिन्ही अ‍ॅक्सलना ताकद. मूळ आराखडा रिओ कंपनीचा, 1950च्या सुमाराचा, आणि त्याच्याही मागे दुसऱ्या महायुद्धातला जीएमसीचा अडीच टनी ट्रक. तो जीएमसी आपल्याला अगदीच परका नाही. जानेवारी 1945मध्ये आसामातल्या लेडोहून चीनमधल्या कुनमिंगकडे पहिला ताफा निघाला आणि 4 फेब्रुवारीला पोचला. त्या रस्त्यावर घाम गाळला तो अशाच अडीच टनी गाड्यांनी.

इंजिन सहा सिलिंडरचं, 7.8 लिटरचं. डिझेलवर चालतं, रॉकेलवर चालतं, विमानाच्या इंधनावर चालतं, अडीनडीला पेट्रोलवरसुद्धा चालतं. लढाईत जे मिळेल ते टाकीत ओता आणि निघा, हा त्यामागचा विचार. ताकद मात्र 140 अश्वशक्तीच्या आतबाहेर. सुमारे सहा टन वजनाच्या रिकाम्या गाडीला ही ताकद फार नाही. पाटीवर लिहिलेला कमाल वेग ताशी 56 मैल, म्हणजे 90 किलोमीटर.

बोली ऑनलाइन लागली. आकडे वाढत गेले, मी एकदा थांबलो, पुन्हा वाढवला. सव्वापाच हजार डॉलरला गाडी माझी झाली, वर लिलावाचं कमिशन. काही आठवड्यांनी फॉर्म 97 आला. सरकारनं ही गाडी विकली, याचा हा दाखला. तो घेऊन काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, कर कार्यालयातून मालकीचा कागद मिळतो. गाडी घरापर्यंत आणायला टेक्सासात तेव्हा एका फेरीचा परवाना मिळायचा. पाच डॉलर, 15 दिवस. कागदांचं काम मला वाटलं होतं त्यापेक्षा खूप सरळ निघालं.

पण तो जांभळा ओघळ.

(दृश्य : भाड्यानं घेतलेली पत्र्याची शेड. जॅकवर उचललेला ट्रक. बाबा पाठीखाली पुठ्ठा घालून आडवे.)

ब्रेकचं हे प्रकरण मी जरा सावकाश सांगणार आहे. जुना लष्करी ट्रक घेणारे बहुतेक जण इंजिनाकडे बघतात, टायरकडे बघतात, रंगाकडे बघतात. बघायला हवं ते ब्रेककडे.

तुम्ही पेडल दाबता, तेव्हा फळीखालच्या मास्टर सिलिंडरमधून तेल पुढे ढकललं जातं. दाबलेली हवा त्या तेलाला जोर देते आणि ते तेल सहाही ब्रेकड्रममध्ये पोचतं. हवा गेली तर पेडल दगडासारखं होतं, तरी थोडाफार ब्रेक लागतो. तेल गेलं तर मात्र सगळं गेलं. कारण सहाही चाकांना तेल नेणारी वाट एकच. आजच्या गाड्यांमध्ये अशा वाटा दोन असतात. एक फुटली तरी दुसरी सांभाळते. या ट्रकमध्ये एका चाकाच्या ब्रेकमधलं तेल अडवणारं रबर फाटलं, की सहाही चाकं मोकळी. आणि हँडब्रेक? तो चाकांवर नाहीच, मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या फिरत्या दांड्यावर, प्रॉपेलर शाफ्टवर आहे. उभी गाडी धरून ठेवायला ठीक, धावती थांबवायला त्याचा भरवसा नाही.

तेलाचा जांभळा रंग सिलिकॉनचा. नेहमीचं ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं. लष्कराच्या गाड्या वर्षानुवर्षं नुसत्या उभ्या असतात, त्यामुळे आतून गंज धरतो. म्हणून अमेरिकी लष्करानं 1980च्या दशकात सिलिकॉनचं तेल आणलं. ते पाणी शोषत नाही. पण कुठूनतरी पाणी आत शिरलंच, तर ते तेलात न मिसळता सगळ्यात खालच्या जागी साचून बसतं. सगळ्यात खालची जागा म्हणजे चाकातला छोटा सिलिंडर, तेलाच्या दाबानं ब्रेक लावणारा.

बाबांना हे मी वाचून दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे एक गळतोय, तर बाकीच्या पाचांतबी खड्डे पडले असणार. सगळी चाकं उघडायची."

मला एकच उघडायचं होतं. माझी सुट्टी संपत आली होती. मी तसं बोललोही. ते काही बोलले नाहीत, पाना घेऊन पुढच्या चाकाकडे गेले.

तीन दिवस लागले. हब काढायला तीन इंची नट असतो, त्याचा पाना वेगळा मागवावा लागला. मागचे ड्रम इतके जड की दोघांनी मिळून पाटावर सरकवत बाहेर काढले. पहिल्या सिलिंडरचं रबर काढल्यावर आत हे दिसलं. बघा, जवळून बघा. पिस्टन जिथे सरकतो, त्या गुळगुळीत भिंतीवर तळाशी गंजाचे खड्डे, तिळाएवढे. सहापैकी चार सिलिंडर असे निघाले. बाहेरून गळत होता फक्त एक.

नवे सिलिंडर, नवे रबरी होज. मग तेलाच्या नळ्यांत अडकलेली हवा काढायचं काम. हे मला लहानपणापासून येतं. खडकीच्या क्वार्टरसमोर शेजाऱ्यांच्या स्कूटर नि गाड्या रविवारी बाबांकडे यायच्या, तेव्हा पेडलवर मला बसवायचे. इथेही मी पेडलवर, ते चाकाखाली.

"मार. मार. मार. धर."

मी पाय दाबून धरतो. खाली चाकापाशी हवा सोडायचं निपल सैल होतं, पेडल बुडतं, फस्स आवाज येतो.

"सोडू नको! हां. आता सोड."

माझं वय 41 होतं आणि त्या शेडमध्ये मी पुन्हा दहा वर्षांचा झालो होतो. सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करायची, जवळच्या चाकाशी संपवायचं. नळीतून बुडबुडा येणं थांबलं की ते चाक झालं. सिलिकॉनच्या तेलात बारीक फेस धरतो, म्हणून घाईनं पेडल मारायचं नाही. दुसऱ्या फेरीनंतर पेडल वरच्या वर, घट्ट लागलं. बाबा बाहेर आले, दाढीवर जांभळा थेंब, आणि म्हणाले, "आता चल कुठं जायचंय ते."

(दृश्य : पहाटेचा अंधार. डॅशबोर्डवर एक हात. स्विच. पंपाची गुणगुण.)

या ट्रकला किल्ली नाही. स्विच वर करायचा, टाकीतला पंप गुणगुणायला लागतो, मग बटण दाबायचं. दोन बॅटऱ्या, 24 व्होल्ट. इंजिन धडधडतं आणि लगेच एक कर्कश भोंगा सुरू होतो. घाबरायचं नाही. हवेचा दाब तयार नाही, हे सांगणारा तो आवाज. काटा चढत जातो, भोंगा थांबतो, तोवर गाडी हलवायची नाही. आमच्या मुलीला हा भाग सगळ्यात आवडला. कॅमेरा तिच्याच हातात आहे, मागच्या कारमध्ये. कार चालवतेय माझी बायको, चारी इंडिकेटर लावून, दिवसभर आमच्या मागोमाग.

अंतर सुमारे 260 मैल. चारशे किलोमीटरहून थोडं जास्त. मोठा इंटरस्टेट महामार्ग टाळला. न्यू बॉस्टनहून आठ नंबरच्या राज्य रस्त्यानं लिंडनपर्यंत, तिथून 59 नंबरचा महामार्ग थेट दक्षिणेला. मार्शल, कार्थेज, नॅकडोचिस, लफ्किन, लिव्हिंगस्टन.

हा आवाज ऐका. वरची शिट्टी टर्बोची. पेडल दाबलं की शिट्टी चढते, सोडलं की उतरते. केबिनवर नुसती ताडपत्री, त्यामुळे बोलायचं तर ओरडून. स्टिअरिंगला कसलीही मदत नाही. उभ्या गाडीत चाक फिरवायचा प्रयत्न केलात तर खांदा दुखेल, थोडी हलू द्या, मग वळवा. आम्ही 45 मैलांच्या वर गेलो नाही. बाकीची वाहनं 75नं शेजारून जात होती. काही हात करत होती.

सबाइन नदीकडे रस्ता उतरतो, तिथे मी पहिल्यांदा नीट घाबरलो. खाली पूल, मागे कार, आणि माझ्या पायाखाली ती एकच वाट. बाबा ओरडले, "गिअर बदल आधी! ब्रेकवर भागवू नको!" चौथा टाकला. इंजिननं गाडी धरली. ब्रेकला नुसता पाय लावला आणि पुलावर पोचेपर्यंत वेग आमच्या हातात राहिला.

पुढच्या प्रत्येक नदीला तेच केलं. अँजेलिना, नेचेस, ट्रिनिटी. उतार दिसायच्या आधीच गिअर.

लफ्किनच्या पाइनच्या जंगलात पाऊस आला. या ट्रकचे वायपर हवेवर चालतात. काचेच्या वर बटण, ते फिरवलं की सुस्कारे टाकत पाती हलायला लागतात. टायर जुन्या लष्करी पद्धतीचे, चिखलासाठी केलेले, ओल्या डांबरावर त्यांची पकड कमी. आम्ही कडेला थांबलो. ताडपत्रीवर पाऊस वाजत होता. बाबांनी डब्यातली चपाती नि शेंगदाण्याची चटणी काढली, अर्धी मला दिली. आणि पहिल्यांदाच, कोणी न विचारता, बोलायला लागले. वर्कशॉपमधल्या पहिल्या वर्षी एका शक्तिमानचा ब्रेक त्यांनी जोडला होता आणि उस्तादानं तो पास केला नव्हता. पुन्हा उघडायला लावला होता. तीनदा.

"तिसऱ्यांदा म्हनला, आता ह्यात तुझा भाऊ बसू दे."

एवढंच म्हणाले. पाऊस थांबेपर्यंत आम्ही दोघंही गप्प होतो.

(दृश्य : संध्याकाळ. घराचं फाटक. ट्रक सावकाश आत वळतो.)

न्यू केनीजवळच्या आमच्या घरी पोचायला सहा वाजले. निघाल्यापासून अकरा तास. डिझेल एका टाकीत भागलं. इंजिन बंद करायची मूठ बाबांना ओढायला सांगितली. त्यांनी ती ओढली, शिट्टी उतरत गेली आणि अंगणात एकदम शांतता झाली. कानांत मात्र आवाज रात्रभर होता.

झोपायच्या आधी बाबांनी खोक्यांचे पुठ्ठे फाडले आणि सहाही चाकांखाली एकेक सरकवला. सातवा मास्टर सिलिंडरच्या खाली.

सकाळी मी उठलो तेव्हा ते बॅटरी घेऊन बाहेर होते. एकेक पुठ्ठा ओढून उजेडात धरत होते. पहिला कोरडा. दुसरा कोरडा. चौथ्यावर एक डाग होता, रुपयाएवढा. त्यांनी बोट लावलं, चोळलं, नाकाशी नेलं. डाग काळा होता.

"गिअर ऑइल," ते म्हणाले. "अ‍ॅक्सलचा सील. ब्रेकचं न्हाई."

आणि पाचवा पुठ्ठा ओढायला खाली वाकले.