दार उघडण्याआधी भिंत बघा: ‘मोनोनोके’ कशी पाहावी

मंडळी, मोनोनोके म्हटलं की बहुतेकांना जिब्ली स्टुडिओचा १९९७ सालचा चित्रपट आठवतो, लांडग्यांत वाढलेल्या मुलीचा. त्याचा आजच्या विषयाशी संबंध नाही. आज बोलायचंय ते तोएई ॲनिमेशनच्या २००७ सालच्या मालिकेबद्दल. दिग्दर्शक केन्जी नाकामुरा, भाग फक्त बारा. जपानी भयकथांच्या ॲनिमेत, म्हणजे ॲनिमेशन मालिकांत, नुसत्या चित्राच्या बळावर हिच्या जवळपास पोचणारी दुसरी मालिका मला दिसत नाही.

गोष्ट एका फिरत्या औषधविक्याची. पाठीवर लाकडी पेटी, चेहऱ्यावर रंगाच्या रेघा, टोकदार कान. कोण रे तू, म्हणून विचारलं की ‘मी साधा औषधविक्या’ एवढंच उत्तर. एदो काळात, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकातल्या जपानात, जिथे मोनोनोके, म्हणजे एक प्रकारचं पिशाच्च, उठलं असेल तिथे हा हजर. त्याच्याजवळ तलवार आहे, पण ती मनात आलं म्हणून म्यानातून निघत नाही. आधी तीन गोष्टी कळाव्या लागतात. काताची, म्हणजे त्या मोनोनोकेचं रूप. माकोतो, म्हणजे नेमकं घडलं काय. आणि कोतोवारी, म्हणजे कुणाच्या मनात काय सलत राहिलं. एकेक गोष्ट सापडली की मुठीवरचा राक्षसाचा चेहरा खाडकन दात आपटतो. तिसऱ्यांदा दात वाजले की तलवार सुटते.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. देवऋषीसुद्धा भुताने धरलेल्या माणसाला आधी हेच विचारतो: तू कोण, कुठून आलीस, तुझं काय राहिलंय? सोडमुंजीआधी गेलेला मुलगा मुंजा होतो, बाळंतपणात गेलेली बाई अळवंतीण. भुताची जात अपुऱ्या राहिलेल्या गोष्टीवरून ठरते. मोनोनोकेत माणूस मेलेलाच असायला हवा असं मात्र नाही. माणसाचा राग किंवा दुःख आधीपासून वावरणाऱ्या एखाद्या अद्भुत शक्तीला जाऊन चिकटलं, की मोनोनोके तयार होतं.

म्हणजे प्रत्येक कथा हा एक तपास आहे, आणि त्याचे पुरावे चित्रात ठेवलेले असतात. हे लक्षात आलं नाही तर मालिका नुसती भडक वाटते. सगळ्या पडद्यावर जपानी हातकागदाचा, वाशीचा पोत चढवलेला आहे. रंग सपाट, बाह्यरेषा ठसठशीत, सावल्या जवळपास नाहीत, अगदी उकियो-ए या जुन्या जपानी छापचित्रांसारखं. सरकत्या दारांवर, पडद्यांवर, कपड्यांवर नक्षीच नक्षी. पात्रं खोटं बोलत असतात तेव्हा त्यांच्या मागच्या भिंतीवर जे रंगवलंय ते पुष्कळदा खरं सांगत असतं. औषधविक्या आपले टिचभर तराजू जमिनीवर रांगेत उतरवतो, तेही वजनासाठी नव्हे. मोनोनोके कुठल्या दिशेला, किती अंतरावर आहे ते त्यांच्या कलण्यावरून कळतं. ते तराजू ज्या बाजूला झुकतील तिकडे तुम्हीही बघा.

या कागदी पोतामुळेच पाहणाऱ्यांची सगळ्यात मोठी चूक होते. बारीक धागे कमी डेटाच्या व्हिडिओत टिकत नाहीत, चिखल झाल्यासारखे दिसतात. मोबाइलवर ४८० मध्ये पाहिलं आणि ‘चित्र घाणेरडं आहे’ म्हणून सोडून दिलं, असं होतं ते यामुळेच. १०८० मिळेपर्यंत थांबा. टीव्हीवर हालचाल गुळगुळीत करणारी सोय चालू असेल तर बंद करा. इथली हालचाल मुद्दाम तुटक ठेवलेली आहे, टीव्ही मधल्या चौकटी स्वतःच भरायला लागला की झटका मरतो. रात्रीचा पिवळा फिल्टरही काढा, नाहीतर निळा आणि लाल ओळखू येत नाहीत.

बाराही भाग एका रात्रीत संपवू नका. कथा पाच आहेत, नावं जपानी भुताखेतांची: झाशिकी-वाराशी दोन भागांची, उमिबोझु तीन, नोप्पेराबो दोन, नुए दोन, बाकेनेको तीन. एका बैठकीत एक कथा, मध्ये न थांबता. पहिल्या कथेबद्दल आधीच सांगतो, तिच्यात गरोदर बाई आणि बळजबरीचे गर्भपात आहेत. लहान मुलांना बरोबर बसवू नका, आणि ज्यांना हा विषय सोसणार नाही त्यांनी ती गाळून थेट उमिबोझु पाहिली तरी काही अडत नाही.

माझी आवडती नुए. एका मुलीशी लग्न करायला आलेले लोक सुगंध ओळखण्याच्या स्पर्धेला बसतात. जपानात ही खरीखुरी कला आहे. तिचा एक प्रकार गेन्जी-को: पाच जातींच्या धूपाच्या प्रत्येकी पाच पुड्या, एकूण पंचवीस. त्या मिसळून कोणत्याही पाच काढायच्या, एकामागून एक हुंगायच्या आणि कोणकोणते वास एकच होते ते उभ्या-आडव्या रेघांनी मांडायचं. शक्य आकृत्या ५२, आणि प्रत्येकीला ‘गेन्जीची कथा’ या जुन्या जपानी कादंबरीतल्या एकेका प्रकरणाचं नाव. आता वास पडद्यावर दाखवायचा कसा? नाकामुरांनी कथेतला रंगच काढून घेतला. सगळं करडं, आणि धूप हुंगला की रंग उमलतो. या कथेच्या मुळाशी रान्जाताई हे सुगंधी लाकूड आहे. असं लाकूड नारातल्या शोसोइन भांडारात खरोखर आहे, ओदा नोबुनागा या बड्या सरदाराने १५७४ साली त्याचा तुकडा कापून घेतला होता. रान्जाताईच्या तीन चित्रलिपींत ‘तोदाइजी’ या मंदिराच्या नावाची तीन अक्षरं दडवलेली आहेत. नावाच्या पोटात नाव. कथाही तशीच बांधलेली आहे, याहून जास्त सांगत नाही.

आता क्रम. या औषधविक्याचा जन्म २००६ च्या ‘अयाकाशी’ या अकरा भागांच्या मालिकेत झाला. तिचे ९, १० आणि ११ हे भाग आधी पाहा. तीही बाकेनेकोचीच कथा, नाकामुरांचीच. तिथली मोलकरीण कायो पुढे उमिबोझुत जहाजावर भेटते आणि त्याला ओळखते, ती ओळख तुम्हालाही हवी. त्यानंतर मालिका, आणि चित्रपट सगळ्यात शेवटी. २०२४ च्या ‘काराकासा’ या चित्रपटात नायकाचा आवाज मालिकेतल्या ताकाहिरो साकुराईचा नाही, हिरोशी कामियाचा आहे. रंग आणखी तेज, कट आणखी जलद. सुरुवात तिथून केली तर दमछाक होते.

मालिकेतली शेवटची कथा एदो सोडून भुयारी रेल्वेच्या जमान्यात येते. तोक्योत असाकुसा ते उएनो ही पहिली भुयारी गाडी ३० डिसेंबर १९२७ ला धावली, त्या सुमाराचं हे वातावरण. स्थानकावरची गर्दी कापडाच्या दुकानातल्या पुतळ्यांसारखी काढली आहे, बिनचेहऱ्याची. चेहरे आहेत ते ज्यांचा मामला आहे त्यांनाच. आणि २००६ चे ते तीन भाग पाहिले असतील, तर डब्यात अडकलेल्यांपैकी काही चेहरे तुम्ही आधी दुसऱ्या नावांनी पाहिलेले असतील.